अचूक यंत्रांच्या पायाखालची भूमी

हर्सूल येथे जळगाव मार्गालगतच्या एखाद्या घरात पाण्याने काठोकाठ भरलेला पेला फरशीवर ठेवावा आणि मालाने लादलेला ट्रक रस्त्यावरून जाण्याची वाट पाहावी. ट्रक जवळ येताच पाण्याच्या पृष्ठभागावर बारीक वर्तुळे उमटतात, क्षणभर थरथरतात आणि ट्रक दूर गेल्यावर विरून जातात. घरातील माणसांना बहुधा काहीच जाणवलेले नसते. ज्या भूमीला आपण अचल म्हणतो, ती प्रत्यक्षात अहोरात्र हालत असते, आणि ही हालचाल माणसाच्या संवेदनेच्या आवाक्याबाहेर असली तरी पाण्याच्या आवाक्याबाहेर नसते, याचा हा घरगुती पुरावा होय.

माणसाला न जाणवणारा हा कंप एखाद्या अचूक यंत्राला मात्र चांगलाच जाणवतो. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींमध्ये वाहनांचे सुटे भाग, साचे व हत्यारे तयार होतात. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थेत तरुणांना याच सूक्ष्म कामाचे शिक्षण मिळते. याच मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ, भूमीच्या कंपापासून अलिप्त राहण्याची कला पराकोटीला नेणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा साकारावयाची आहे. तेव्हा कंपापासून यंत्राचे रक्षण कसे करतात, त्यात 'सक्रिय' पद्धती कोणती, आणि या कामी ग्रामपंचायतीपासून जिल्हा प्रशासनापर्यंत सर्वांचा संबंध कोठे येतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

अचूकता म्हणजे किती?

एका मिलिमीटरचे हजार भाग केले असता त्यातील एक भाग म्हणजे मायक्रॉन. माणसाचा केस साधारणपणे ७० मायक्रॉन जाडीचा असतो. उत्तम प्रतीचे बेअरिंग, इंधनाच्या पंपाचा दट्ट्या किंवा साच्याचे जुळणारे भाग यांच्या मापात काही थोड्या मायक्रॉनपेक्षा अधिक फरक चालत नाही. ग्राइंडिंग मशीनचे चाक धातूवरून फिरत असताना चाक आणि धातू यांच्यातील अंतर क्षणोक्षणी अर्ध्या मायक्रॉनने कमीजास्त झाले, तरी पृष्ठभागावर लाटांसारख्या बारीक खुणा उमटतात. मोजमापाच्या यंत्राची गोष्ट आणखी नाजूक. तेथे माप घेणारी सुई व मापावयाची वस्तू ही दोन्ही एकमेकांच्या संदर्भात निश्चल नसतील, तर चांगली वस्तू वाईट ठरते आणि वाईट वस्तू चांगली म्हणून पुढे जाते. इलेक्ट्रॉनिक चिपवरील आकृती छापणाऱ्या यंत्रांचे काम तर मायक्रॉनच्याही हजाराव्या भागात, म्हणजे नॅनोमीटरमध्ये, चालते.

जागा किती शांत असावी हे ठरविण्यासाठी १९८०च्या दशकाच्या आरंभी एरिक उंगर आणि कॉलिन गॉर्डन या अभियंत्यांनी काही मर्यादारेषा आखल्या. त्या आजही जगभर वापरल्या जातात. त्यांत कंपाचा वेग मोजतात. माणसाला कंप जेमतेम जाणवू लागतो ती पातळी सेकंदाला १०० मायक्रॉनच्या आसपासची आहे. अचूक यंत्रांसाठीची सर्वांत सौम्य मर्यादा ५० मायक्रॉनची, त्यानंतरच्या २५, १२.५ आणि ६ मायक्रॉनच्या, आणि सर्वांत कडक मर्यादा सुमारे ३ मायक्रॉनची आहे. म्हणजे अतिसूक्ष्म कामाची जागा माणसाला शांत वाटणाऱ्या जागेपेक्षाही तीसपट शांत असावी लागते. 'आमच्याकडे काही हादरे बसत नाहीत' हा अनुभव अशा ठिकाणी पुरावा म्हणून का चालत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

कंप येतो कोठून?

कंपाची उगमस्थाने तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार यंत्राच्या आतला. फिरणारा दांडा असंतुलित असेल, बेअरिंग झिजले असेल किंवा पट्टा सैल असेल, तर यंत्र स्वतःलाच हलवते. यावर पायाखाली काहीही घातले तरी उपयोग होत नाही. दुरुस्ती हाच उपाय. दुसरा प्रकार शेजाऱ्याचा. पत्र्याला आकार देणारा पॉवर प्रेस, लोखंड ठोकणारा घण, हवेचा कॉम्प्रेसर, रस्त्यावरील अवजड वाहने, रेल्वे, खडी केंद्र, दगडखाणीतील सुरुंग हे सर्व त्यात मोडतात. तिसरा प्रकार निसर्गाचा. वारा झाडांना व इमारतींना हलवतो आणि ती हालचाल जमिनीत उतरते. समुद्राच्या लाटांमुळेही पृथ्वीच्या कवचात मंद हेलकावे उत्पन्न होतात. त्यांचा एक झोका साधारण पाच ते दहा सेकंदांचा असतो आणि ते किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, मराठवाड्यापर्यंतही पोहोचतात.

या सर्वांमध्ये भूकंपाचा उल्लेख वेगळा करावा लागेल. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप मराठवाडा विसरू शकत नाही. हिंगोली जिल्ह्यातही २०२४ साली मार्च व जुलै महिन्यांत ४.५ तीव्रतेचे धक्के नोंदले गेले. परंतु अशी घटना क्वचित घडते आणि तिच्यासाठी इमारतीची मजबुती पाहावी लागते. प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो रोजचा, अखंड आणि न जाणवणारा कंप. भूकंपात यंत्र वाचणे आणि दररोज यंत्राने अचूक काम करणे, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत.

मातीचाही यात वाटा असतो. मराठवाड्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. अशा मातीवर टेकलेला पाया वर्षातून दोनदा आपली पातळी बदलतो, आणि कितीही महागडे यंत्र त्यावर समतल राहत नाही. म्हणून पाया काळ्या थरातून खाली मुरमापर्यंत, शक्य तर पाषाणापर्यंत न्यावा लागतो. मात्र सलग काळा पाषाण सुरुंगाचे धक्के लांबवर वाहून नेऊ शकतो, हेही विसरता येत नाही. जागेची परीक्षा प्रत्यक्ष मोजणीनेच करावी लागते ती यामुळे.

परंपरागत उपाय आणि त्याची मर्यादा

कंप अडविण्याचा जुना व साधा उपाय म्हणजे यंत्र आणि जमीन यांच्यामध्ये मऊ वस्तू घालणे. रबराचे पॅड, पोलादी स्प्रिंगा, हवेच्या उशा ही याची रूपे होत. त्याला बाहेरून ऊर्जा लागत नाही, म्हणून त्याला निष्क्रिय विलगीकरण म्हणतात.

याचे तत्त्व शाळेच्या वर्गात दाखविता येते. गवंड्याचा ओळंबा हातात धरावा. हात सावकाश डावीउजवीकडे नेला, तर ओळंबा हाताबरोबर जातो. हात फार जलद थरथरविला, तर दोरीचे वरचे टोक हलते, पण ओळंबा जवळजवळ जागीच राहतो. आणि या दोहोंमध्ये एक वेग असा येतो की, हाताच्या लहानशा हालचालीनेही ओळंबा मोठमोठे झोके घेऊ लागतो. हा ओळंब्याचा स्वतःचा, नैसर्गिक वेग. एका सेकंदात किती झोके होतात त्या संख्येला वारंवारता म्हणतात व ती हर्ट्झमध्ये मोजतात. बाहेरचा कंप नैसर्गिक वारंवारतेशी जुळून झोके वाढत जातात, त्या घटनेला अनुस्पंदन असे नाव आहे. झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेला हलका धक्का त्याला उंच नेतो, ते याच कारणाने.

स्प्रिंगेवर ठेवलेले यंत्र या ओळंब्याप्रमाणेच वागते. येणाऱ्या कंपाची वारंवारता नैसर्गिक वारंवारतेच्या सुमारे १.४ पटींहून अधिक असेल, तरच कंप कमी होऊ लागतो. ती दहापट असेल, तर यंत्रापर्यंत कंपाचा जेमतेम शंभरावा भाग पोहोचतो. मात्र ती १.४ पटींहून कमी असेल, तर स्प्रिंग कंप अडविण्याऐवजी वाढवून देते.

येथेच अनेक लहान कारखान्यांची फसगत होते. यंत्राच्या भाराने पॅड किती दबतो, यावर त्याची नैसर्गिक वारंवारता अवलंबून असते. पॅड एक मिलिमीटर दबत असेल, तर ती सुमारे १६ हर्ट्झ येते. रस्त्यावरील अवजड वाहनांमुळे उत्पन्न होणारा जमिनीचा कंप प्रामुख्याने १० ते १५ हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे चांगल्या हेतूने घातलेले कडक रबर ट्रकचा कंप कमी न करता नेमका वाढवते. यंत्राखाली पॅड घातले आणि काम अधिकच बिघडले, असे झाले तर त्यामागील हिशेब हा असतो. पॅड बाजारातून आणण्यापूर्वी येणाऱ्या कंपाची वारंवारता मोजणे, हाच त्यावरील स्वस्त उपाय होय.

मग पॅड किंवा स्प्रिंग अधिकाधिक मऊ का करू नये? पंचवीस मिलिमीटर दबणारी स्प्रिंग नैसर्गिक वारंवारता सुमारे ३ हर्ट्झपर्यंत खाली आणते. परंतु ती अर्ध्या हर्ट्झपर्यंत आणावयाची झाल्यास साधी स्प्रिंग जवळजवळ एक मीटर दबावी लागेल. अशा स्प्रिंगेवर यंत्र उभे राहील, पण स्थिर राहणार नाही. यंत्राचा टेबल पुढेमागे सरकला की सारे यंत्र डोलू लागेल, आणि कामगाराने हात टेकला तरी झुकेल. हवेच्या उशांनी एक-दोन हर्ट्झपर्यंत उतरता येते, तथापि डोलण्याचा दोष त्यांनाही चुकत नाही. मऊ आधार बाहेरचा कंप अडवतो पण यंत्राला निराधार करतो, आणि कडक आधार यंत्राला धरून ठेवतो पण कंप आत येऊ देतो. निष्क्रिय पद्धतीची सीमा येथे संपते.

सक्रिय विलगीकरण

ही कोंडी कशी फुटते, याचे उदाहरण आपल्या खेड्यांतील पाणवठ्यावर पिढ्यान्‌पिढ्या पाहावयास मिळत आले आहे. डोक्यावर भरलेली घागर घेऊन खाचखळग्यांच्या वाटेने चालणारी स्त्री पाण्याचा थेंब सांडू देत नाही. तिची मान ताठर नसते आणि सैलही नसते. घागर किंचित कलली की ती तिला तत्काळ जाणवते, आणि गुडघे, कंबर व मान यांच्या बारीक हालचालींनी ती तोल सावरते. पुढे दगड दिसला, तर धक्का बसण्यापूर्वीच ती पाऊल सावध टाकते. जाणणे, ठरविणे आणि हालचाल करणे ही तीन कामे येथे अखंड चालू असतात.

सक्रिय विलगीकरणाच्या यंत्रणेचेही हेच तीन भाग असतात. पहिला भाग संवेदक. यंत्राच्या चौथऱ्यावर व जमिनीवर बसविलेली ही उपकरणे अत्यंत सूक्ष्म हालचाल विजेच्या संकेतात बदलतात. दुसरा भाग नियंत्रक. हा संगणक सेकंदाला हजारो वेळा ते संकेत वाचून, किती जोर कोणत्या दिशेला द्यावयाचा ते ठरवितो. तिसरा भाग प्रेरक. चौथऱ्याला प्रत्यक्ष ढकलण्याचे किंवा ओढण्याचे काम तो करतो. काही प्रेरकांमध्ये ध्वनिक्षेपकात असते तशी चुंबक व तारेच्या वेटोळ्याची रचना असते. काहींमध्ये विजेचा दाब दिला असता किंचित लांबणारे स्फटिकासारखे पदार्थ वापरतात. दाब दिल्यावर काही स्फटिकांत वीज उत्पन्न होते, हा गुणधर्म पिअर व जॅक क्यूरी या बंधूंनी १८८० साली शोधून काढला. हे प्रेरक त्याच गुणधर्माचा उलट दिशेने उपयोग करतात.

चौथरा हलल्यावर त्याला सावरणे ही झाली प्रतिक्रियेची पद्धती. जमिनीवरील संवेदकाने कंप टिपून तो चौथऱ्यापर्यंत पोहोचण्याच्या आत विरुद्ध जोर देणे, ही पूर्वसूचनेची पद्धती. घागरवाली दगड पाहून पाऊल सांभाळते तशीच ही होय. उत्तम यंत्रणांमध्ये दोन्ही पद्धती एकत्र वापरतात. यामुळे आधार पुरेसा भक्कम ठेवूनही, जेथे निष्क्रिय स्प्रिंग कंप वाढविते त्या एक-दोन हर्ट्झच्या पट्ट्यातही, कंप कमी करता येतो. शिवाय टेबल वेगाने सरकल्यामुळे यंत्र डोलू लागले, तर तेही सावरता येते.

असे असले तरी ही पद्धती सर्वगुणसंपन्न मानणे चूक ठरेल. संवेदकाला स्वतःचा काही गोंगाट असतो आणि त्याहून सूक्ष्म हालचाल त्याला ओळखता येत नाही. आडवी हालचाल आणि किंचित कलणे या दोहोंतील फरक सामान्य संवेदकाला नीट कळत नाही. त्यामुळे फार मंद हेलकाव्यांमध्ये तो फसतो. नियंत्रकाचा निर्णय क्षणभर उशिरा झाला, तर जोर उलट्या वेळी पडतो आणि झोपाळा थांबण्याऐवजी वाढावा तसा कंप वाढतो. वीजपुरवठा खंडित झाला की सावरणारा हातच नाहीसा होतो. शिवाय खर्च मोठा आणि देखभालीला कुशल माणूस हवा. म्हणून जाणते अभियंते प्रथम शांत जागा, मग भक्कम पाया, मग स्प्रिंग, आणि या सर्वांनंतरही जे उरेल त्यासाठीच सक्रिय साधन, असा क्रम पाळतात.

औंढा नागनाथची वेधशाळा

या क्रमाचे सर्वोच्च उदाहरण म्हणजे गुरुत्वीय लहरींची वेधशाळा. अवकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, की अवकाशातच लहरी उत्पन्न होतात. अशी लहर १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड व लिव्हिंगस्टन येथील लायगो वेधशाळांनी प्रथम टिपली. त्याची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ रोजी झाली, आणि २०१७ सालचे भौतिकीचे नोबेल पारितोषिक रेनर वाइस, बॅरी बॅरिश व किप थॉर्न यांना मिळाले. या वेधशाळेला काटकोनात दोन भुजा असतात आणि प्रत्येक भुजा चार किलोमीटर लांब असते. लहर गेल्यावर भुजांच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपासचा असतो. ज्या भूमीवर आरसे उभे आहेत तिची नित्याची थरथर याहून अब्जावधी पटींनी मोठी. अशा स्थितीत मोजणी शक्य झाली, ती मुख्यतः कंप विलगीकरणामुळे.

तेथील प्रत्येक मुख्य आरसा ४० किलोग्रॅम वजनाचा, शुद्ध काचेचा असतो. निर्वात कक्षाच्या बाहेर द्रवाच्या दाबावर चालणारे सक्रिय साधन कक्षातील आधार सावरते. कक्षाच्या आत संवेदक व प्रेरकांनी युक्त असे दोन सक्रिय चौथरे असतात. त्यांच्याखाली एकाखाली एक असे चार लंबक टांगलेले असतात आणि शेवटचा लंबक म्हणजे आरसा. तो अवघ्या ०.४ मिलिमीटर जाडीच्या चार काचतंतूंवर लोंबतो. ओळंब्याच्या प्रयोगात एका लंबकाने दहापट वारंवारतेचा कंप शंभरपटींनी कमी होतो, हे आपण पाहिले. त्याच हिशेबाने दुसऱ्या लंबकाने तो दहा हजारपटींनी आणि चौथ्याने दहा कोटीपटींनी कमी होतो. लंबकांना जमत नाही ती मंद हालचाल सक्रिय चौथरे सावरतात. दोन्ही पद्धती एकमेकींची उणीव भरून काढतात.

भारतातील अशा वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह प्रकल्पास मंजुरी मिळाली आणि ११ मे २०२३ रोजी त्याची पायाभरणी झाली. पूर्णतेचे उद्दिष्ट २०३० सालचे सांगण्यात आले. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि अणुऊर्जा विभागाचे बांधकाम संचालनालय या संस्थांकडे त्याची धुरा आहे. यांपैकी आयुका ही संस्था प्रा. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ साली उभी राहिली, हे महाराष्ट्राला अभिमानास्पद आहे. जागेची निवड करताना भूमी शांत आहे काय, ही कसोटी महत्त्वाची होती. उद्योगांची गर्दी नसणे हे एरवी मागासलेपणाचे लक्षण मानले जाते. येथे त्याच शांततेला मोल आले.

लिव्हिंगस्टनचा धडा

शांत जागा निवडली म्हणजे ती शांत राहतेच असे नाही. लिव्हिंगस्टनची वेधशाळा लुइझियाना राज्यातील वनप्रदेशात आहे. सभोवतालच्या व्यापारी जंगलात दिवसा लाकूडतोड चाले, अवजड वाहने ये-जा करीत आणि रेल्वेगाड्याही जात. या सर्वांचा एक ते तीन हर्ट्झचा कंप इतका मोठा होता की, आरंभीच्या काळात दिवसा यंत्राचा तोल टिकत नसे आणि उपयुक्त मोजणी बहुतांशी रात्री करावी लागे. अखेर २००४ साली तेथे द्रवाच्या दाबावर चालणारे सक्रिय साधन बसविण्यात आले, तेव्हा दिवसाही काम शक्य झाले. यंत्रणा निष्णात होती, पैसा होता, तरीही शेजारच्या रानातील कुऱ्हाड आणि ट्रक यांनी वर्षानुवर्षे वेधशाळेचा दिवस हिरावून घेतला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

हॅनफर्ड येथील एक लहानसा प्रसंगही सांगण्यासारखा आहे. २०१७ साली तेथील नोंदींत एक अनाकलनीय गोंगाट दिसू लागला. शोध घेता, थंड नळीवर साचलेल्या बर्फाला तहानलेले डोमकावळे चोची मारीत असल्याचे आढळले. नळीची रचना सुधारून तो प्रश्न सोडविण्यात आला. स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर येथे भूकंपलहरी टिपणारे केंद्र आहे. त्याच्या संवेदनक्षमतेला बाधा येऊ नये म्हणून सभोवतालच्या मोठ्या परिसरात पवनचक्क्यांच्या उभारणीवर मर्यादा घालण्यात आल्या. पवनचक्की स्वच्छ ऊर्जा देते, आणि तरीही तिची जागा विचारपूर्वक ठरवावी लागते.

आपल्या हाती काय आहे?

कंपाचा प्रश्न अभियंत्यांचा आहे, आपला त्यात काय संबंध, असे कोणास वाटेल. प्रत्यक्षात या प्रश्नाचा पहिला भाग, म्हणजे शांत जागा, अभियंत्याच्या हाती नसतोच. दगडखाण कोठे असावी, खडी केंद्राचा रस्ता कोठून जावा, अवजड वाहनांचा मार्ग कोणता, या गोष्टींचा निर्णय ग्रामसभेच्या ठरावापासून तहसील व जिल्हा कार्यालयांपर्यंतच्या टेबलांवर होतो. एकदा खाण सुरू झाली आणि तिच्यावर पन्नास कुटुंबांची चूल पेटू लागली, की मग ती हलविणे कठीण होते व कोणावर तरी अन्याय होतो. म्हणून विचार आधी करावयाचा असतो. ज्या कुटुंबांचा रोजगार दगडावर आहे त्यांना पर्यायी जागा वेळीच मिळाली, तर वेधशाळा आणि उपजीविका यांत विरोध राहत नाही.

औद्योगिक वसाहतींच्या नियोजनातही हे तत्त्व लागू पडते. घण, मोठे प्रेस आणि लोखंड कापण्याचे उद्योग एका बाजूला व मोजमाप प्रयोगशाळा, साच्यांचे कारखाने दुसऱ्या बाजूला, अशी भूखंडांची विभागणी आरंभीच केली, तर पुढे शेकडो यंत्रांखाली महागडी साधने घालण्याचा खर्च वाचतो. ज्या यंत्रामुळे कंप उत्पन्न होतो त्याच्याच पायाखाली स्प्रिंगा घालणे हे शेजारच्या दहा यंत्रांचे रक्षण करण्यापेक्षा स्वस्त पडते. लहान कारखानदाराने नवे ग्राइंडिंग मशीन मागविताना त्याची किंमत विचारावी, त्याचबरोबर त्याला किती शांत जागा लागते हेही उत्पादकाकडून लेखी मागावे आणि जागेवर कंपाची मोजणी करून घ्यावी. मोजणी दिवसा व रात्री, अशी दोन्ही वेळा व्हावी. रात्रपाळीत काम चांगले होते आणि दिवसा बिघडते, अशी तक्रार असेल तर कारागिराला दोष देण्यापूर्वी रस्त्याकडे पाहावे.

शिक्षकांना या विषयात मोठी संधी आहे. ओळंबा, झोपाळा आणि पाण्याचा पेला एवढ्या साधनांवर कंप, वारंवारता व अनुस्पंदन यांचा पाठ उभा राहतो. आजच्या बहुतेक मोबाइल फोनमध्ये हालचाल टिपणारा संवेदक असतो. तो फोन शाळेच्या फरशीवर ठेवून, मैदानावर मुले उड्या मारीत असतानाचा आणि सुटीनंतरचा आलेख विद्यार्थ्यांना ताडून पाहता येईल. हिंगोली जिल्ह्यातील विद्यार्थ्याला हा पाठ पुस्तकातला राहणार नाही. त्याच्या गावाजवळची भूमी किती शांत आहे, यावर दूरच्या कृष्णविवरांची वार्ता ऐकू येणार की नाही हे ठरणार आहे, आणि ती शांतता राखण्यात त्याच्या गावाचा हात असणार आहे.

यापुढे ग्रामसभेपुढे एखाद्या खाणीचा किंवा खडी केंद्राचा अर्ज येईल, तेव्हा पाणी, धूळ व रस्ता यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारण्याचा प्रघात पडावा : याचा कंप किती दूर जाईल आणि त्या अंतरात कोणाचे काम आहे? हा प्रश्न विचारण्यास उपकरण लागत नाही आणि खर्चही येत नाही. उत्तर मिळविण्यासाठी मात्र मोजणी करावी लागेल, आणि ती अर्ज मंजूर होण्यापूर्वी झालेली बरी.